सड्यावरचे सुटे दगड जागच्या जागी राहू द्या

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे सभासद,
सड्यावरची आणि सड्याखालची सर्व गावं,
जिल्हे रत्नागिरी व सिंधुदुर्ग

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका पालीबद्दल आहे. ती आपल्या घरातल्या ट्यूबलाइटशेजारी दिसणारी पाल नव्हे. ही सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या कातळी पठारावर राहते, दिवसभर सुट्या दगडाखाली असते आणि रात्री बाहेर पडून किडे टिपते. शेपटी सोडली तर बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, अंगावर पांढरे पट्टे. १९६३ मध्ये ग्रँडिसन आणि सोमण या दोन अभ्यासकांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आज तिचं शास्त्रीय नाव हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस असं आहे. दक्षिण कोकणातला जांभ्याचा पट्टा सोडला तर ती जगात कुठेही सापडलेली नाही. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ती ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे ती टिकेल की जाईल, हे पूर्णपणे आपल्या दोन जिल्ह्यांत ठरणार आहे, आणि त्यातला बराच भाग तुमच्या ग्रामपंचायतीच्या टेबलावर येणाऱ्या कागदांवर ठरणार आहे. म्हणूनच हे पत्र मंत्रालयाला लिहिण्याऐवजी तुम्हाला लिहितो आहे.

मी सड्याखालच्याच गावातला आहे. घरी हापूसची कलमं आहेत, थोडा काजू आहे. बागायतदाराच्या पोटावर पाय देणारं काही मी मागणार नाही. पण सड्याचं जे चाललं आहे ते बघून गप्प राहवत नाही.

आपल्याकडे सड्याला कोणी फारशी किंमत दिली नाही. सात-बारावर त्याची नोंद पोटखराब्यात. पावसाळ्यात गुरं चरायला, दिवाळीनंतर गवत कापायला, एखाद्या खळगीत माती साठली असेल तर भाताचा तुकडा करायला, एवढाच त्याचा उपयोग. उन्हाळ्यात वर गेलं तर काळाठिक्कर कातळ, वाळलेलं गवत आणि इकडे तिकडे विखुरलेले दगड. ‘इथे आहेच काय’ असं म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण एप्रिलच्या दुपारी खरोखरच काही दिसत नाही. जे काही जिवंत असतं ते त्या वेळी दगडाखाली असतं.

या दगडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. कातळ दुपारी इतका तापतो की त्यावर अनवाणी उभं राहवत नाही. अशा वेळी कातळावर नुसता टेकलेला एखादा चपटा दगड असतो, त्याच्याखाली अंगुळभर फट असते, फटीत चिमूटभर माती आणि थोडी ओल धरून राहिलेली असते. वरचा दगड ऊन अडवतो, खालची फट हवा खेळती ठेवते. पालीचं शरीर आपल्यासारखी स्वतःची उष्णता सांभाळू शकत नाही. बाहेर जेवढं तापेल तेवढं तीही तापते. म्हणून तिला ही नेमकी जागा लागते. मातीत अर्धा रुतलेला दगड तिच्या कामाचा नाही, कारण त्याखाली फट नाही. फार लहान दगड पलीकडून तापतो. सड्यावर शंभर दगड दिसले तरी त्यातले तिला राहण्याजोगे मोजकेच असतात, आणि असा दगड कातळावर तसा टेकून बसायला किती पावसाळे जातात ते कोणीच सांगू शकणार नाही. तो एकदा उचलून गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीत रचला की दगड शिल्लक राहतो, पण ती फट गेली. गडग्याच्या फटींत भिंतीवर चढणाऱ्या पाली राहतातही. जमिनीलगत वावरणाऱ्या या पालीला ते घर मानवेल असं धरून चालता येत नाही.

त्याच दगडांखाली इतरही बिऱ्हाडं असतात. विंचू, गोमी, पावसाळ्यात बेडूक, आणि आपल्या सगळ्यांच्या धास्तीचं फुरसं. ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारण्यासाठी बक्षीस दिलं जात होतं आणि ती मोठ्या संख्येने मारली गेली, तरी फुरसं आजही आहे. सड्यावर दगड उचलताना आपला हात दबकतो तो उगाच नाही. शिवाय देवगांडूळ आहे. गांडुळासारखं दिसणारं, पण बेडकाच्या गोतातलं, पाय नसलेलं प्राणी. त्यातल्या एका जातीचं वर्णन २००३ मध्ये झालं, तेही याच डोर्ल्यातून. एका लहानशा गावाच्या शिवारातून जगाला दोन प्राणी नव्याने कळले. सरपंचांनी गावाच्या वेशीवर फलक लावून सांगावी अशी ही गोष्ट आहे.

आता सड्यावर काय होतंय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून बघता. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणात आंबा-काजूची लागवड झपाट्याने वाढली. त्या योजनेने अनेक घरांत चूल पेटती ठेवली, हे मान्यच केलं पाहिजे. सुरुवातीला लागवड डोंगरउतारावर, मातीच्या जमिनीत झाली. तिथली जागा संपली तशी ती वर सरकली, थेट कातळावर. कातळात सुरुंग लावून खड्डे मारायचे, खालून ट्रकने माती आणून भरायची, त्यात कलम लावायचं. त्याआधी जेसीबी फिरवून सुटे दगड गोळा करायचे आणि त्यांचाच चहूबाजूंनी गडगा घालायचा. दोन दिवसांत दहा एकराचा सडा साफ होतो. ‘साफ’ झालेल्या त्या जागेवर दगडाखालचं काहीच उरत नाही. पुढे कलमांना मोहोर येऊ लागला की फवारण्यांचं वेळापत्रक सुरू होतं, आणि कीटकनाशक काही फक्त तुडतुड्यांपुरतं थांबत नाही. किडे खाऊन जगणाऱ्या प्रत्येक सरड्याच्या, पालीच्या, सापसुरळीच्या ताटात ते पोचतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर याची पद्धतशीर पाहणीही झाली आहे. मोकळा कातळ, सोडून दिलेली भातखाचरं आणि आंबा-काजूच्या बागा, अशा तिन्ही ठिकाणी संशोधकांनी सुटे दगड उचलून खाली काय आहे ते नोंदलं. तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचा वापर बदलला की दगडाखालच्या प्राण्यांची वस्ती बदलते, असं त्यातून दिसतं. भातखाचरं आणि बागा यांत मला स्वतःला एक फरक दिसतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी सड्यावर भात लावला तो खळगीपुरता. आजूबाजूचा कातळ, त्यावरचे दगड तसेच राहिले. माणूस सड्यावर राबला म्हणून सडा मेला नाही. सलग सपाटीकरणाची गोष्ट वेगळी आहे, तिथे माघारी यायला वाट राहत नाही.

बागांखेरीज चिरेखाणी आहेत. जांभा हा आपला घर बांधायचा दगड, तो काढलाच जाणार. पण खाण चालू असते एका कोपऱ्यात आणि ट्रकच्या वाटा, मातीचे ढिगारे, फुटक्या चिऱ्यांचे ढीग सगळ्या सड्यावर पसरतात. ज्या गटात खाण संपली तो खड्डा तसाच उघडा टाकून दुसरा गट धरला जातो. वर उन्हाळ्यात लावले जाणारे वणवे. आणि गेल्या काही वर्षांत प्लॉट पाडून विकणं. बाहेरगावचा मालक सड्याला ‘सी व्ह्यू’ म्हणतो, आधी तारेचं कुंपण घालतो, मग सपाट करतो.

हे फक्त कोकणापुरतं नाही. घाटमाथ्यावर साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे. तिथे पवनचक्क्यांचं रान उभं राहिलं. त्या पठारावर एक देखणा सरडा राहतो, नराच्या गळ्याखाली निळा, काळा, नारिंगी पंखा असतो आणि विणीच्या दिवसांत तो दगडावर चढून तो पंखा फुलवतो. २०१६ मध्ये त्याला सराडा सुपर्बा हे शास्त्रीय नाव मिळालं. प्रजातीगटाचं नाव थेट आपल्या ‘सरडा’ शब्दावरून घेतलेलं आहे. त्याच पठारावरून २००८ मध्ये एक नवी पालही नोंदली गेली, तिला साताऱ्याचं नाव दिलं आहे.

चाळकेवाडीला मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मी मुद्दाम इथे सांगतो. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी, म्हणजे ससाणे, घारी, शिक्रे, जवळजवळ चार पटींनी कमी आढळले. मग सरडे? ते वाढले. वरवर पाहिलं तर सरड्यांचं भलंच झालं. पण त्याच सरड्यांना मोजून, तपासून पाहिलं तर ते खंगलेले होते, माणूस अगदी जवळ आल्याशिवाय पळत नव्हते, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडलेले होते. एकाच जागेत दाटी झाली, खाणं अपुरं पडू लागलं. वरचा एक दुवा निखळला की खालच्यांचं जगणं कसं बदलतं, ते इथे मोजून दाखवलं गेलं. मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. स्वच्छ वीज लागणारच आहे. पण ‘पठारावर काही नाही, तिथे उभारा’ असं म्हणून जेव्हा कागद पुढे सरकतात, तेव्हा तो आधारच चुकीचा असतो. उद्या आपल्या सड्यांवर सौर प्रकल्प येतील, गोदामं येतील, आणि तेव्हाही हेच वाक्य ऐकवलं जाईल.

त्यात उन्हाळे वाढत चालले आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने असं मांडलं की १९७५ पासून जगभरातल्या सरड्यांच्या स्थानिक वस्त्यांपैकी सुमारे चार टक्के नाहीशा झाल्या आहेत आणि हवामान असंच तापत राहिलं तर २०८० पर्यंत सरड्यांच्या पाचापैकी एक जाती नष्ट होऊ शकते. कारण समजायला सोपं आहे. ऊन फार झालं की सरडा आडोशाला जातो, आणि आडोशाला गेलेला सरडा चरत नाही. विणीच्या दिवसांत असे तास वाढत गेले की मादीला अंड्यांसाठी लागणारं पोषण मिळत नाही. उष्णता कमी करणं एका ग्रामपंचायतीच्या हातात नाही. आडोसा शाबूत ठेवणं मात्र आहे. ऊन वाढत असताना आपण नेमके सावलीचे दगड उचलून नेतो आहोत. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात जगातल्या दहा हजारांहून अधिक सरीसृप जाती तपासल्या गेल्या, त्यातल्या २१ टक्के नष्ट होण्याच्या धोक्यात आढळल्या. या मोठ्या आकड्यात आपली सड्यावरची पाल कुठेतरी एक आहे.

घोरपडीबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण तीही याच सड्याच्या कपारीत राहते आणि तिच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती मारली, तिचं मांस किंवा तेल विकलं, तर किमान तीन वर्षांची आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद होऊ शकते. ‘हाथाजोडी’ म्हणून जे वाळकं मूळ लक्ष्मी येते सांगून विकलं जातं, ते मूळ नसून घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, हे २०१७ मध्ये उघड झालं. वाडीतल्या पोरांना हे सांगा, कारण पैशाच्या लोभाने शिकारीत तीच ओढली जातात. घुमट या वाद्याचंही उदाहरण आपल्या समोर आहे. गणपतीतल्या आरत्यांना वाजणाऱ्या घुमटाला एके काळी घोरपडीचं कातडं लागायचं. आता बकरीचं कातडं चढवतात, आणि गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. आरती थांबली नाही. लोकांनी ठरवलं की रीत बदलते.

आता तुमच्या अधिकाराबद्दल. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर २०२० च्या सुमारास अनेक ठिकाणी या नोंदवह्या घाईघाईने पूर्ण झाल्या. तुमच्या कपाटातली नोंदवही एकदा उघडून बघा. आंबा, फणस, काजू, वड, पिंपळ, माकड, मोर हे असेल. सडा आहे का? सड्यावरची पाल आहे का? पहिल्या पावसात कातळावर उगवणारी पांढरी दिपकाडी आहे का? नसेल तर ती नोंद करणं हे पहिलं काम, आणि त्याला निधी लागत नाही. ज्या गुराख्यांनी सगळं आयुष्य सड्यावर काढलं त्यांना बोलवा, शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना आणि बाईंना बरोबर घ्या. नोंद झाली की उद्या कोणी ‘इथे काही नाही’ म्हणालं तर तुमच्याकडे दाखवायला गावाचा स्वतःचा कागद असेल.

त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित होऊ शकते, आणि त्यासाठी स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करणं शासनावर बंधनकारक आहे. हे दूरचं स्वप्न नाही. सिंधुदुर्गातच दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याची रानजायफळाची राई अशी घोषित झाली आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळचं कुंड २०२१ मध्ये वारसा स्थळ झालं, तेही एका बोटभर माशासाठी. माशासाठी कुंड राखता येतं तर पालीसाठी सड्याचा एक तुकडा राखता येईल. आपल्या कातळशिल्पांनी ही वाट आधीच मोकळी केली आहे. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि ज्या कातळावरून आपण बेफिकीर चालत होतो त्याकडे जग बघायला लागलं. फक्त एक विनंती आहे. शिल्पाभोवती पर्यटकांसाठी जागा करताना सगळा परिसर झाडून, दगड गोळा करून चकचकीत करू नका. शिल्पापुरती साफसफाई पुरे.

बागेसाठी, खाणीसाठी, प्लॉटसाठी ना हरकत दाखला तुमच्याकडे मागायला येतात. तो देण्याआधी समितीने एकदा प्रत्यक्ष वर जाऊन जागा बघावी. सलग दहा एकर सपाट करण्यापेक्षा मध्ये मध्ये कातळाचे पट्टे जसेच्या तसे सोडायला सांगावं. गडग्याला दगड लागतात हे खरं, तर ते खाणीतल्या फुटक्या चिऱ्यांतून घ्यावेत, त्यांचे ढीग तसेही पडून असतात. ज्या खळग्यांत माती आहे तिथे कलम लावावं, उघड्या कातळावर सुरुंग नको. खाणवाल्याने एक गट पुरता संपवून मगच दुसरा धरावा, आणि ट्रकची वाट एकच असावी. उन्हाळ्यात वणवा लावणाऱ्याला वाडीनेच जाब विचारावा. पाल बघायला, फोटो काढायला बाहेरून येणारे हौशी लोकही आता वाढणार आहेत. त्यांना सांगा की उचललेला दगड जसा होता तसाच, त्याच बाजूने, त्याच जागी ठेवा. दगड उलटा पडला तर त्यांना फोटो मिळाला आणि पालीचं घर मोडलं.

‘माणसांना कामधंदा नाही आणि तुम्ही पालीचं काय घेऊन बसलात’ असं ग्रामसभेत कोणीतरी म्हणेल. तो प्रश्न रास्त आहे, त्याला उडवून लावू नये. पण सड्यावर सुरुंग लावून, विकतची माती आणून, टँकरने पाणी घालून वाढवलेली बाग आपल्यातल्या किती जणांना परवडते? बऱ्याच ठिकाणी सड्यावरचा सातबारा आधीच बाहेरच्या नावावर गेला आहे आणि गावातला माणूस तिथे रोजंदारीवर आहे. आणि सडा नुसता पालीचा नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून झिरपतं तेच खाली आपल्या विहिरींना, पऱ्यांना म्हणजे ओहोळांना मिळतं. गुरांचं गवत तिथलंच. पालीसाठी जो पट्टा राखाल तो विहिरीसाठीही राखलेला असेल.

सगळा सडा राखा असं मी म्हणत नाही. प्रत्येक गावाने आपल्या सड्याचा एक भाग निवडावा, ग्रामसभेत ठराव करावा की इथले दगड हलवायचे नाहीत, इथे जेसीबी जाणार नाही, आणि तो ठराव नोंदवहीसकट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवावा. शेजारशेजारच्या गावांनी मिळून सलग तुकडा निवडला तर उत्तमच, कारण सडे गावाच्या हद्दी बघून संपत नाहीत आणि पालीही नाहीत. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही माझी विनंती. ठरावाचा मसुदा करायला, नोंदवहीसाठी सड्यावर फिरायला मनुष्यबळ लागलं तर मी आणि माझ्यासारखे आणखी काही जण यायला तयार आहोत. पाऊस ओसरला की लगेच सुरुवात करता येईल.

कळावे,
आपला नम्र,
सड्याखालच्या गावातला एक बागायतदार